खाटेशेजारचे चित्र : भूलशास्त्र आणि अतिदक्षतेतील एका विद्येची प्रस्तावना

अतिदक्षता विभागातला रुग्ण वैद्यकाच्या नेहमीच्या रीतीला दाद देत नाही. कुठे दुखते, कधीपासून, कशाने वाढते, हे विचारावे तर त्याच्या घशात नळी आणि अंगात झोपेचे औषध. छातीला स्टेथोस्कोप लावावा तर व्हेंटिलेटरचा आवाज त्यावर मात करतो. सीटी स्कॅनला न्यावे तर पंप, ऑक्सिजनचा सिलिंडर, मॉनिटर आणि तीन-चार माणसे अशी वरात निघते, आणि ज्याचा रक्तदाब खाटेवरही टिकत नाही त्याला लिफ्टपर्यंत नेणे हाच एक धोका होऊन बसतो. भूलतज्ज्ञाची अडचणही याच जातीची. त्याचा रुग्ण तर त्यानेच निःशब्द केलेला असतो. अशा रुग्णाला न हलवता, त्याच्याच खाटेशी उभे राहून, आत काय चालले आहे ते पाहण्याची एक विद्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उभी राहिली. तिची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

या विद्येत चार गोष्टी येतात: खाटेवरच काढलेला एक्स-रे, खाटेवरची सोनोग्राफी, स्वरयंत्र दाखवणारा कॅमेरा आणि साधे छायाचित्र. शेवटची गोष्ट शास्त्रात मोडते का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. मोडते, आणि ती सर्वात बेफिकिरीने वापरली जाते म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहिले आहे.

उज्जैनमध्ये बसून हे मराठीत का लिहावे, याचेही उत्तर दिले पाहिजे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरला हलवला, तोवर उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. त्या काळात आलेली मराठी घराणी इथे टिकली, आणि त्यांच्यातली मुले-मुली आज इथल्या आणि इंदूरच्या रुग्णालयांत काम करताना भेटतात. रुग्ण माळवीत बोलतो, कागद इंग्रजीत भरला जातो, नातेवाइकांना हिंदीत समजावले जाते. घरी गेल्यावर आई विचारते, ‘आज काय शिकलास रे?’ तेव्हा उत्तर मराठीत द्यावे लागते. ज्याचे उत्तर घरच्या भाषेत देता येत नाही ते आपल्याला नीट कळले आहे का, अशी शंका मला नेहमी येते. शिवाय नाशिक आणि उज्जैन ही दोन गावे सिंहस्थाने बांधलेली आहेत. नाशिकला २०२७ मध्ये आणि उज्जैनला २०२८ मध्ये लाखो माणसे नदीकाठी जमतील, आणि दोन्हीकडच्या डॉक्टर-परिचारिकांपुढे त्याच प्रकारचे रुग्ण उभे राहतील.

वाचकांनी आरंभीच एक गोष्ट मनाशी धरावी. रेडिओलॉजी विभागात चित्र आधी निघते आणि जाणकार माणूस सावकाश बसून त्यात काय काय आहे ते शोधतो. खाटेशेजारी क्रम उलटा असतो. आधी प्रश्न, मग चित्र. ‘याची छाती पाहू या’ हा प्रश्न होत नाही. ‘ऑक्सिजन आत्ता घसरला; उजव्या फुप्फुसाभोवती हवा साठली आहे का?’ हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर हो, नाही किंवा सांगता येत नाही, या तीनपैकी एक असते, आणि उत्तर मिळताच हाताने काही करायचे असते. प्रश्न न ठरवता प्रोब फिरवणाऱ्याला पडद्यावर नेहमीच काहीतरी दिसते. ते काहीतरीच घात करते.

वरच्या चार गोष्टींतला जुना साथीदार एक्स-रे. उज्जैनच्या वेधशाळेत गेलेल्या वाचकाला त्याची खोड चटकन कळेल. सवाई जयसिंहाची ही वेधशाळा मोडकळीला आली होती; १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिची डागडुजी करवली आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तिचे पहिले अधीक्षक झाले. तिथल्या सम्राट यंत्रावर सावली जी वेळ दाखवते ती उज्जैनची स्थानिक वेळ. मनगटावरच्या घड्याळाशी ती जुळवायची तर सुमारे सत्तावीस मिनिटे मिळवावी लागतात, कारण भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि उज्जैन त्याच्या बऱ्याच पश्चिमेला. शिवाय तारखेनुसार आणखी थोडी दुरुस्ती असते. यंत्र चुकलेले नसते. ते कुठे उभे आहे हे पाहणाऱ्याने हिशेबात धरायचे असते.

खाटेवरच्या एक्स-रेचे तसेच आहे. रुग्ण उभा असताना किरण पाठीकडून येतात, नळी सहा फुटांवर असते आणि हृदय फिल्मच्या जवळ असते. खाटेवर सारे उलटते: किरण समोरून, अंतर कमी, हृदय फिल्मपासून दूर. म्हणून हृदय असते त्यापेक्षा मोठे दिसते, आणि नवखा डॉक्टर हृदय सुजल्याची नोंद करून मोकळा होतो. आडव्या माणसाच्या छातीत पाणी साठले तर ते पाठीमागे पसरते आणि फुप्फुसावर नुसते धुके दिसते. हवा साठली तर ती पुढे येते आणि कडेला शोधणाऱ्याला सापडतच नाही. श्वासनळीत घातलेल्या नळीचे टोक, जिथे श्वासनळी दुभंगते त्या जागेच्या तीन ते पाच सेंटिमीटर वर असावे. पण मान पुढे वाकवली की तेच टोक सुमारे दोन सेंटिमीटर खाली सरकते आणि मागे टाकली की वर येते. हनुवटी जिकडे जाते तिकडे नळी जाते. तेव्हा फिल्म काढताना उशी कशी होती, हे ठाऊक नसेल तर नळीबद्दल बोलू नये.

आता सोनोग्राफीकडे येऊ. या विद्येचा जीव तिथे आहे, म्हणून थोडे थांबून समजून घेऊ.

ध्वनिलहरी पाण्यातून आणि मांसातून जातात. हवेपाशी आल्या की जवळजवळ सगळ्या परत फिरतात. फुप्फुस हवेनेच भरलेले, म्हणून सोनोग्राफीने फुप्फुसाचे काही कळायचे नाही, अशी दीर्घकाळ समजूत होती. फ्रान्समधले अतिदक्षतातज्ज्ञ डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी ती मोडली. फुप्फुस दिसत नाही हे त्यांनी मान्य केले आणि त्याऐवजी पडद्यावर जे भास उमटतात त्यांचाच अभ्यास केला. निरोगी छातीवर दोन बरगड्यांच्या मधोमध प्रोब ठेवला तर एक चकचकीत आडवी रेघ दिसते. ते फुप्फुसाचे आवरण. श्वासागणिक ते बरगड्यांखाली सरकताना दिसते. त्या रेघेखाली समान अंतरावर तशाच फिक्या आडव्या रेघा उमटतात. त्या निव्वळ प्रतिध्वनी आहेत, त्यांना ए-रेघा म्हणतात. फुप्फुसात पाणी झिरपू लागले की चित्र पालटते. आवरणापासून पडद्याच्या तळापर्यंत उभे झोत उतरतात, ए-रेघा पुसतात आणि श्वासाबरोबर हलतात. या बी-रेघा. एका फटीत तीन किंवा अधिक दिसल्या की फुप्फुस ओले झाले असे समजावे. ते हृदयाने केले, जंतूंनी केले की दोघांनी, हे ठरवायला पुन्हा रुग्णाकडेच वळावे लागते.

छातीत हवा साठली की आवरण सरकायचे थांबते. एम-मोडमध्ये, म्हणजे एकाच रेषेवरची हालचाल काळाबरोबर उलगडून दाखवणाऱ्या चित्रात, एरवी वर लाटा आणि खाली वाळू असे समुद्रकिनाऱ्यासारखे चित्र येते. आता ते जाऊन वरपासून खालपर्यंत दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारख्या सरळ रेघा येतात. प्रोब बाजूला सरकवत नेला आणि एका जागी सरकणे दिसते-लपते-दिसते असे झाले, तर हवेची सीमा सापडली, निदान पक्के. लिश्टेनस्टाइन आणि मेझिएर यांनी २००८ साली श्वास लागलेल्या २६० रुग्णांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ठरावीक जागा, ठरावीक क्रम आणि तीन-चार खुणा, एवढ्यावर ९०.५ टक्के रुग्णांत निदान बरोबर आले. त्या पद्धतीला ब्लू प्रोटोकॉल म्हणतात.

इथे उत्साहाला थोडा आवर घालतो. सरकणे थांबले म्हणजे हवा साठलीच, असे होत नाही. नळी उजव्या श्वासनलिकेत फार आत गेली तर डावे फुप्फुस श्वासच घेत नाही, मग सरकेल कसे? आपल्याकडे आणखी एक कारण नेहमीचे: जुन्या क्षयाने किंवा पू झाल्याने फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असते. पाठ्यपुस्तकातल्या युरोपीय रुग्णात हे कारण क्वचित येते, माळव्यातल्या आणि खानदेशातल्या रुग्णात ते आधी आठवावे. उलट सरकणे दिसले तर त्या जागेखाली हवा साठलेली नाही, हे उत्तर भक्कम असते. खाटेशेजारच्या बऱ्याच खुणा अशा एका बाजूने बळकट आणि दुसऱ्या बाजूने लंगड्या असतात. कोणती बाजू कुठली, हे ओळखणे हाच या विषयातला खरा अभ्यास.

भूलतज्ज्ञाला पडणारे प्रश्न वेगळे. पहिला पोटाचा. ‘काही खाल्ले आहे का?’ या प्रश्नाचे आपल्याकडचे ठरलेले उत्तर ‘काही नाही, फक्त चहा’. तो चहा दुधाचा असतो, आणि खोदून विचारले तर त्याबरोबर मूठभर पोहेही निघतात. पाणी पिऊन दोन तास, दूध किंवा हलके अन्न घेऊन सहा तास, असा नियम आहे. पण अपघातात सापडलेल्या, वेदनेत असलेल्या किंवा बराच काळ मधुमेह असलेल्या माणसाचे पोट घड्याळ पाळत नाही. टोरांटोच्या अनाही पेर्लास यांनी जठराच्या शेवटच्या भागाची सोनोग्राफी करून हा प्रश्न सोडवण्याची रीत घालून दिली. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवायचे. पोट रिकामे असेल तर जठर लहान, गोल, जाड भिंतीचे दिसते, पाणी असेल तर काळे फुगलेले, आणि अन्न असेल तर दुधी काचेसारखे. वजनाच्या किलोमागे दीड मिलिलीटरपेक्षा अधिक द्रव असेल किंवा घन अन्न दिसले, तर पोट भरलेले धरूनच भूल द्यायची किंवा थांबायचे.

दुसरा प्रश्न सुईचा. मानेतली शीर शोधताना शेजारची धमनी टोचली जाऊ नये म्हणून सोनोग्राफीच्या नजरेखाली सुई घालावी, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००२ सालीच सांगितले. हाताला भूल देण्यासाठी गळपट्टीच्या हाडावरून मज्जातंतूंना औषध देतात. फुप्फुस तिथून बोटभर अंतरावर असते. व्हिएन्नाच्या काप्राल आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली हा ब्लॉक सोनोग्राफीत पाहून दिला, आणि तेव्हापासून शरीररचनेच्या अंदाजावर सुई टोचण्याचे दिवस मागे पडत गेले. मज्जातंतूंचा द्राक्षांसारखा घोस, त्यालगत धडधडती धमनी, खाली बरगडी आणि फुप्फुसाची रेघ, आणि औषध त्या घोसाभोवती पसरताना प्रत्यक्ष दिसणे, हे पहिल्यांदा पाहिलेला विद्यार्थी सहसा या विषयाचा कायमचा होतो.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत सौम्य नाही. पोटातली मोठी शीर किती रुंद आहे आणि श्वासाबरोबर किती आकसते, यावरून रुग्णाला सलाइन द्यावे की नाही हे ठरवण्याची फॅशन आहे. शीर सहज दिसते, म्हणून तिच्यावर भार टाकला गेला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात दाब उलटे असतात, पोट फुगलेले असेल तर शीर दबते, उजवे हृदय थकलेले असेल तर ती उगाचच फुगते. टोकाचे चित्र उपयोगी आहे. मधल्या सगळ्या आकड्यांवर उपचार बेतू नयेत. हृदय जोराने आकुंचन पावते आहे का, उजवा कप्पा डाव्याला ढकलतो आहे का, हृदयाभोवती पाणी आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

स्वरयंत्राच्या कॅमेऱ्याविषयी थोडक्यात. जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना पाहण्याची पद्धत जगाला दाखवली ती एका गायनशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ साली आरसे आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःच्याच घशात पाहिले. आता पात्याच्या टोकाला कॅमेरा असतो आणि सारा चमू पडद्यावर तेच पाहतो, त्यामुळे शिकवणे सोपे झाले. मात्र स्वरतंतू सुंदर दिसणे आणि नळी आत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच आठवड्यात कळते. कॅमेरा वळणापलीकडे पाहतो, नळीला ते वळण घ्यावे लागते.

आता छायाचित्र. शेतकरी कुटुंबातला कुणी कीटकनाशक पिऊन येतो तेव्हा नातेवाइकांना पहिले वाक्य हे सांगावे: घरी जो असेल त्याला डब्याचा फोटो पाठवायला सांगा. आपल्या देशात कीटकनाशकांच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वात सौम्य. त्याशेजारी रसायनाचे नाव असते आणि विषाचा उतारा त्या नावावरून ठरतो. हे एक छायाचित्र कित्येक तपासण्यांच्या आधी उत्तर देते. सर्पदंशात सूज कुठवर आली ती रेघ पेनाने आखून, शेजारी वेळ लिहून फोटो काढला की पुढच्या पाळीतल्या डॉक्टरला वाढ मोजता येते. सापाच्या फोटोसाठी मात्र कुणी त्याच्या मागे जाऊ नये. माकडहाडावरच्या दाबव्रणाचा फोटो परिचारिकेने काढावा: दर वेळी त्याच अंतरावरून, त्याच प्रकाशात, शेजारी कागदी फूटपट्टी ठेवून. पट्टीशिवाय काढलेला व्रणाचा फोटो मापाच्या कामाचा राहत नाही, आणि पिवळ्या दिव्याखालचा फोटो रंगाच्या.

सुरुवातीला म्हटलेली गोष्ट इथे अधिक काटेकोरपणे लागू होते. हे चित्र कुठल्या प्रश्नासाठी, आणि कुणासाठी? वरिष्ठांना ईसीजी पाठवून रात्री दोन वाजता सल्ला घेणे हे रुग्णासाठी आहे. दुर्मीळ केस म्हणून डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटात टाकलेला चेहरा रुग्णासाठी नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे की ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र किंवा वृत्तान्त त्याच्या परवानगीशिवाय नियतकालिकात छापू नये. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने फोनमधल्या माहितीलाही जबाबदारीच्या कक्षेत आणले. पण बेशुद्ध माणूस परवानगी कशी देणार? उपचारासाठी लागणारा फोटो जवळच्या नातेवाइकांना सांगून काढावा, नोंदवहीत त्याची नोंद करावी, आणि माणूस शुद्धीवर आला की त्याला स्वतःला विचारावे. तो नको म्हणाला तर शिकवण्याच्या संग्रहातून फोटो काढून टाकावा. चेहरा झाकला म्हणजे काम झाले असेही मानू नये. मनगटावरचा पट्टा, मॉनिटरवरचे नाव, हातावर गोंदलेला देव, यांतून गावाला माणूस ओळखू येतो. आणि फोनने तो फोटो आपणहून कुठल्या दूरच्या साठ्यात चढवला नाही ना, हेही पाहावे.

भारतात या विषयाला आणखी एक बाजू आहे, ती परदेशी पुस्तकांत सापडत नाही. मध्य भारतातल्या शैलचित्रांत, उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी ज्यांच्या शोधासाठी आयुष्य वेचले त्या गुहांच्या परंपरेत, प्राण्याच्या आतले अवयव, कधी पोटातले पिल्लूही रेखाटलेले आढळते. अभ्यासक या रीतीला एक्स-रे शैली म्हणतात. आत डोकावण्याची ही ओढ माणसाइतकी जुनी आहे, आणि आपल्या काळात तिचा सर्वात वाईट उपयोग झाला तो मुलगी ओळखण्यासाठी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो २००३ मध्ये अधिक कडक झाला. त्यानंतरही शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ च्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली, मध्य प्रदेशात ९३२ वरून ९१८ वर.

म्हणूनच अतिदक्षता विभागातले, फुप्फुसे आणि शिरा पाहण्यासाठी घेतलेले यंत्रही केंद्राच्या या कायद्याखाली, म्हणजे पीसीपीएनडीटी कायद्याखाली, नोंदवावे लागते. २०१२ च्या नियमाने हातात नेता येणारी यंत्रे नोंदलेल्या आवारापुरती, तिथल्या दाखल रुग्णांपुरती बांधली. फिरत्या वैद्यकीय पथकासाठी वेगळी तरतूद आहे. तरुण सहकारी यावर वैतागतात. शेजारच्या रुग्णालयात छातीत हवा साठलेला रुग्ण आहे आणि माझे खिशात मावणारे यंत्र मी नेऊ शकत नाही, ही तक्रार खोटी नाही. तरी वरचे आकडे पाहिले की कायद्याची सक्ती का आली ते कळते, आणि कागद पूर्ण ठेवण्याचा कंटाळा ही त्यापुढे फार लहान किंमत वाटते. सिंहस्थासारख्या ठिकाणी मात्र ही तयारी वर्षभर आधी लागते. ५ मे २०१६ रोजी उज्जैनच्या सिंहस्थात वादळी पावसाने मंडप कोसळले, सात माणसे गेली, कित्येक जखमी झाली. अशा वेळी पोटात रक्त साठले आहे का, हा प्रश्न तंबूतच विचारता यावा, तर यंत्राची नोंदणी, पथकाची परवानगी आणि शिकलेले हात हे सारे मेळ्याच्या आधी तयार हवे.

नव्या वाचकांनी सुरुवात स्वतःच्या मानेपासून करावी. आरशासमोर बसा, रेषीय प्रोबला जेल लावा आणि स्वरयंत्राच्या बाजूला हलकेच टेकवा. दोन काळी वर्तुळे दिसतील. त्यांतले एक ठोका देईल, दुसरे जरा दाबताच मिटेल. दुसऱ्याला प्रोबखाली धरूनच श्वास रोखून कुंथून पाहा, ते फुगेल. शीर आणि धमनी यांतला फरक यानंतर कुणाला विचारावा लागत नाही. मग सहकाऱ्याच्या छातीवर सरकणारी रेघ पाहा, आणि ती डाव्या-उजव्या, उभ्या-आडव्या, तरुण-म्हाताऱ्या छातीवर इतकी पाहा की न सरकणारी आली तर नजर आपोआप थबकेल. निरोगी चित्रे पुरेशी न पाहता आजाराची चित्रे गोळा करणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि ते फार काळ अडखळतात.

अतिदक्षता विभागात आल्यावर प्रोब लावण्याआधी आपला प्रश्न कागदावर एका ओळीत लिहा, उत्तर लिहा, आणि नंतर आलेल्या एक्स-रेशी किंवा सीटीशी ते ताडून पाहा. न जुळलेली उत्तरे वरिष्ठांना दाखवा. जुळलेल्यांपेक्षा ती अधिक शिकवतात. जखमेची पट्टी, त्वचेखाली शिरलेली हवा, जाड चरबी यांमुळे काही दिसलेच नाही तर ‘दिसले नाही’ असेच लिहा; ‘नाही’ असे लिहू नका. आणि प्रत्येक रुग्णानंतर प्रोब, त्याची तार आणि यंत्राची बटणे पुसा. एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर नेणारे वाहन म्हणून या यंत्राची ख्याती नको. पुसण्याचे द्रव प्रोबच्या कंपनीने मान्य केलेले असावे, कारण चुकीच्या स्पिरिटने त्याचे रबर तडकते आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो.